आधी किल्ल्या, मग चहा

४ ऑगस्ट

दादा,

वहिनीचा निरोप मिळाला. पोपट कुणाला तरी देऊन टाकायचा आणि आईची सोय वृद्धाश्रमात करायची, असं तू ठरवलं आहेस म्हणे. दोन्ही निर्णय एकाच दमात. घर आवरायला काढलं आहेस की काय?

फोनच करणार होते. पण फोनवर आपण 'हॅलो'च्या पुढे गेलो की भांडतो, आणि आधी तू ठेवलास की मी, या वादात पुढची वर्षं जातात. पत्रात तू मधेच तोंड घालू शकत नाहीस, हा मोठाच फायदा. शिवाय तू भाषेचा मास्तर. निवृत्त झालास म्हणून खोड जाते थोडीच? माझे ऱ्हस्वदीर्घ तपासायला का होईना, शेवटपर्यंत वाचशील.

वहिनीकडून कळलं ते असं. वकील (पोपटाचं नाव अजून तेच आहे ना?) हुबेहूब बाबांच्या किल्ल्यांचा आवाज काढतो. बाबा जुडगा हलवत जिना चढायचे, तस्सा. बाबांना जाऊन एवढी वर्षं झाली तरी. तो आवाज आला की आई बसल्या जागेवरून धडपडत उठते, दाराकडे जाते, हातपाय कापतात, तोंडातून शब्द फुटत नाही. मागच्या महिन्यात अशीच उठली, पडली आणि मनगट मोडून घेतलं. तुझं म्हणणं, तिचं डोकं फिरलं आहे, तिला बाबा जिवंत वाटतात. आणि निम्मं तर ती तू लक्ष द्यावंस म्हणून करते. 'नाटक' हा शब्द वहिनीने वापरला नाही, पण मला ऐकू आला.

दादा, मी तुझ्याकडे थोडे दिवस मागते, एवढंच. देऊन टाकायला कधीच उशीर होत नाही. परत आणायला होतो.

तोवर एक काम कर. वकील किल्ल्या वाजवतो तेव्हा त्याच्या आधी काय चाललेलं असतं आणि नंतर काय होतं, ते लिही. कोण उठतं, कोण ओरडतं, पिंजऱ्यापाशी कोण जातं. मतं नकोत, डोळ्यांना दिसेल तेवढंच. "तुला जनावरांचं कळतं, माणसांचं नाही," हे तुझंच वाक्य. मग जनावरापुरतं तरी माझं ऐक.

मी ठीक. प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांचा विभाग अजून माझ्याकडेच आहे. इथे प्रत्येकाच्या कमरेला जुडगा असतो. मी माझा पायमोज्यात घालून खिशात ठेवते, त्यामुळे सगळे मला मोजेबाई म्हणतात. पक्षी दचकतात म्हणून ठेवते. बाकी विशेष काही नाही.

बारकी


१३ ऑगस्ट

दादा,

मतं नकोत म्हटलं होतं, तर पहिलं पानभर मतंच! पण दुसऱ्या पानावर तू कामाचं लिहिलं आहेस. तेवढंच मी पुन्हापुन्हा वाचलं.

तू म्हणतोस, घरात सामसूम असली, जो तो आपापल्या नादात असला की वकील किल्ल्या वाजवतो. आई उठून दाराशी येते. पिंजरा दाराशेजारीच. आई आली की तो पिसं फुलवून दांडीवर नाचतो. मग तू येतोस, "गप्प बस!" म्हणून ओरडतोस, पिंजऱ्यावर पेपर आपटतोस. आणि आता तोही तुला "गप्प बस!" म्हणतो. इथे मला इतकं हसू आलं की शेजारच्या खोलीतून बाई बघायला आल्या.

आता नीट ऐक. तू अदलाबदल केली आहेस. तुला वाटतं, पोपट बिचारा बाबांच्या आठवणीने वाजवतो आणि आई मुद्दाम करते. मुद्दाम करतो तो वकील. आईला ते होतं.

वकिलाला बाबांचं सोयरसुतक नाही. जुडगा वाजला की आई दाराशी येते, हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं. एकदा आपणच वाजवून बघितलं, तर आई आली! मग काय, बसल्या जागी माणसं बोलवायची युक्तीच मिळाली त्याला. तू ओरडतोस ती तुझ्या लेखी शिक्षा, त्याच्या लेखी मैफल. आमच्याकडे एक घुबडीण आहे. ती आपणहून वजनकाट्यावर येऊन बसते, कारण बसलं की मांसाचा तुकडा मिळतो. तुकडा बंद केला तर काट्याकडे ढुंकूनही बघणार नाही. तिच्या करण्याने काहीतरी मिळतं, म्हणून ती करते.

आणि एक सारस आहे. डॉक्टरांचे पांढरे बूट दिसले की त्याचे पंख थरथरायला लागतात. डॉक्टर त्याला टोचायला आलेले असोत किंवा शेजारच्या बदकाला. त्या थरथरण्यातून त्याला काही मिळत नाही. बूट आणि सुई यांची त्याच्या अंगात गाठ बसली आहे, बस्स. त्याच्याकडे दुर्लक्ष करून ती सुटत नाही. आणि त्याला जवळ घेतलं म्हणून तो लाडावून जास्त थरथरायला लागतो, असंही नाही.

पुस्तकात घुबडिणीच्या शिकण्याला साधक अभिसंधान म्हणतात आणि सारसाच्या शिकण्याला अभिजात अभिसंधान. जीभ अडखळते. पण मास्तर, आपल्या भाषेत ही सोय आधीपासूनच आहे की! 'मी रडले' आणि 'मला रडू आलं' हे एकच आहे का? तोंडाला पाणी सुटतं, ते कुणी सोडत नाही. धडकी भरते, कापरं भरतं, पोटात गोळा येतो. हे सगळं आईकडचं. हाका मारणं, नाचणं, वाजवणं, हट्ट धरणं, हे वकिलाकडचं. एवढं वेगळं काढलंस की पुढचं सोपं आहे.

म्हणून उपायही दोन, आणि त्यांची सरमिसळ करायची नाही.

वकिलाने किल्ल्या वाजवल्या की त्याच्याकडे कुणी जायचं नाही, बघायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. शिट्टी वाजवली की मात्र लगेच जायचं, फळाची फोड द्यायची, दोन शब्द बोलायचे. सुरुवातीला तो जास्तच वाजवेल. लिफ्ट आली नाही की आपण बटण आणखी जोरात दाबतो, तसं. तेवढे दिवस पिंजरा मागच्या गॅलरीत, आईच्या कानाआड ठेव.

आईसाठी ती जुनी गाठ सोडवून नवी घालायची. बाबांचा जुडगा खिळ्यावर असेलच. तू लांबच्या खोलीतून तो हळूच वाजवायचा आणि चहा द्यायचा. किल्ल्या आणि चहा एकमेकांना लागून आले पाहिजेत. आई काय करते यावर चहा अवलंबून नाही. उठली, कापायला लागली, तरी चहा द्यायचा. "शहाण्यासारखी बसलीस तर देईन," असं एकदा जरी म्हणालास तर याद राख.

बारकी


२० ऑगस्ट

दादा,

तू मला खिंडीत गाठलंस! "खोकला येतो हे तुझ्या हिशेबाने आईकडचं. मग माझ्या वर्गातली कार्टी फळ्याकडे तोंड केलं की ठरवून खोकायची, ते कुणाकडचं?" बरोबर आहे. खोकला एकच, पण येतो तो वेगळा आणि काढतात तो वेगळा. म्हणून तर नुसतं बघून कळत नाही. नंतर काय मिळतं ते बदलून बघावं लागतं. तू वळून ओरडला नसतास तर त्यांचा खोकला थांबला असता. खरा सर्दीचा थांबला नसता. बघ, तुझ्या डोक्यात प्रकाश पडला आहे, फक्त तुला कबूल करायचं नाही.

वकिलाने शिट्टी उचलली हे वाचून बरं वाटलं. आईबद्दल मात्र तू काहीच लिहिलेलं नाहीस. ती चहा घेते ना? मनगट कसं आहे? कापणं थोडं तरी कमी आहे का? असं अर्धवट लिहू नकोस रे, इथे माझं कामात लक्ष लागत नाही.

पत्राच्या शेवटी जे लिहिलं आहेस, "बाबांच्या वेळी आली नाहीस आणि आता घरबसल्या शिकवतेस," त्याला उत्तर एकच. सुट्टी मिळाली नव्हती. तेव्हाच कळवलं होतं. त्यावर मी आणखी काही लिहिणार नाही.

हे पत्र मधेच टाकून दोनदा उठले. पेलिकनना मासे घालून आले, मग उगाचच पाण्याचा नळ तपासून आले. नळ ठीक होता.

बारकी


२९ ऑगस्ट

दादा,

हे काय होऊन बसलं? आई चहाचा कप बघून मागे सरते? आई? जिला चहाशिवाय सकाळ उजाडल्याचं पटत नव्हतं, तिने हाताने कप लोटला?

तू चिडला आहेस ते योग्यच आहे. "होतं तेवढं एक सुख होतं म्हातारीला, तेही तुझ्या शास्त्राने घालवलं," हे वाक्य मी पाठ होईपर्यंत वाचलं. वृद्धाश्रमातली खोली पुढच्या महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहेस आणि वकिलाला न्यायला माणूस येणार आहे, तेही वाचलं. पण दादा, एकच सांग. आधी काय देत होतास? आधी किल्ल्या की आधी चहा?

मला उत्तर माहीत आहे. तूच लिहिलं आहेस, फक्त त्याकडे तुझं लक्ष नाही. "गरम चहा हातात दिला, चार घोट पोटात गेले, जरा स्वस्थ झाली, की मग आत जाऊन जुडगा हलवायचो." तू मायेने केलंस रे. भीतीच्या आधी तिला थोडा आधार द्यावा म्हणून. पण तिच्या अंगाने काय घेतलं? कप आला की मागून किल्ल्या येतात. तू चहालाच पांढरे बूट घातलेस.

आणि दोष माझ्या 'आणि'चा. मी लिहिलं, किल्ल्या 'आणि' चहा लागून आले पाहिजेत. मला वाटलं, क्रम उघड आहे. आणि तू मला लिहितोस, "उभयान्वयी अव्ययाने क्रम कळत नाही, एवढं तरी शाळेत शिकली असशील." शिकले होते, मास्तर. तुझ्याकडूनच शिकले होते. आता क्रम ठळक लिहिते. आधी किल्ल्या, मग चांगली गोष्ट. जी गोष्ट आधी येते तिचा अर्थ मागून येणाऱ्या गोष्टीवरून ठरतो. उलट केलं की सगळंच नासतं.

चहा सध्या मोकळा ठेव. किल्ल्यांचं नावही नको, नुसता चहा, वहिनीच्या हातून. तो हळूहळू सुधारेल. किल्ल्यांसाठी दुसरं काहीतरी हवं. पेपरातलं शब्दकोडं चालेल का? आईला अजून आवडतं ना? आपण लहान असताना ती कोड्याला एकटी बसायची, आणि बाबा यायच्या आत पेपर घडी करून जागेवर ठेवायची. आता कोडं घेऊन तू तिच्या शेजारी बस. आधी एकच किल्ली, जुडगा नको, लांबच्या खोलीत, ऐकू येईल न येईल अशी. मग लगेच कोडं. ती घाबरली तर आवाज आणखी हळू, कोडं तेच.

आता एक गोष्ट लिहिते. तुला ती आवडणार नाही. गेले काही दिवस डोक्यात नुसती भिरभिरते आहे.

तुला आईचं समजत नाही, कारण तुझ्या किल्ल्या वेगळ्या होत्या. खालून जुडगा वाजला की तू पुस्तक उघडून बसायचास. पुस्तक उघडं दिसलं की बाबा तुझ्या डोक्यावर टपली मारून आत जायचे. तुला लवकरच कळलं होतं, काय केलं की निभावतं. तू हुशार होतास, त्यात तुझा दोष नाही. पण आईने भाजीत मीठ बरोबर घातलं तरी ताट भिंतीवर जायचं आणि कमी घातलं तरी जायचं. मी गप्प असले तर "तोंड शिवलंय का?" आणि बोलले तर "जीभ लांब झालीय." पुस्तक मीही उघडून बघितलं, दादा. मला नाही चाललं ते. तुझ्या करण्याने फरक पडायचा. आमच्या करण्याने पडत नव्हता. ज्याच्या करण्याने फरक पडतो तो काहीतरी करायला शिकतो. ज्याच्या करण्याने पडत नाही त्याला नुसतं कापरं भरतं.

म्हणून तुला आजही वाटतं की आईने मनावर घेतलं तर ती थांबवू शकेल. ती तेव्हाही काही थांबवू शकली नाही.

खोली सोडू नकोस हवं तर, पण तिला तिथे पाठवू नकोस. तिथे नर्सच्या कमरेला जुडगा असेल, आणि ती थरथरली तर का, ते कुणालाच कळणार नाही.

बारकी


१२ सप्टेंबर

दादा,

पत्र आज डब्याच्या वेळी मिळालं. डबा तसाच राहिला.

"किल्ली वाजवली. आईने मान वर केली. दाराकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, कोडं आणलंस का रे? पेन्सिल कुठाय?"

मला रडू आलं. मग मी रडलेही. दोन्ही केलं, तुझ्या व्याकरणात बसतं का बघ. आणि वहिनीच्या हातचा अर्धा कप चहा घेऊन आई "साखर कमी आहे" म्हणाली, म्हणजे माणूस ठिकाणावर आहे.

तू मात्र शेवटी चार ओळी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिल्यास, जणू मला दिसणारच नाहीत. परवा वकिलाने गॅलरीत चुकून जुना आवाज काढला, तेव्हा तू खुर्चीवर ताठ झालास, पेपर उचललास आणि तोंडासमोर धरून वाचायला लागलास. पेपर आदल्या दिवशीचा होता. "साठी उलटली तरी मी अभ्यासाला बसलो." दादा, मी हसणार होते. पण हसू आलंच नाही. मला वाटायचं, त्या घरातून तू तरी सुटलास.

आणि तू जे विचारलं आहेस ते. वकिलाला न्यायला आलेल्या माणसाला तू परत पाठवलंस. पण आईचं तुम्हा दोघांच्याने होत नाही. वहिनी दिवसभर कामावर, तुझे गुडघे तसे. "तू येऊन राहणार असशील तर खोली सोडतो. नाहीतर नाइलाज आहे. आणि सुट्टी नाही म्हणून सांगू नकोस." हे तू रागाने लिहिलेलं नाहीस, हे अक्षरावरून कळतं. म्हणून खरं ते सांगते.

पक्षी किल्ल्यांना दचकत नाहीत. त्यांना किल्ल्या म्हणजे जेवण, ते तर आनंदाने ओरडतात. मोजा माझ्यासाठी आहे. शेजारून कुणी जुडगा हलवत गेलं तर माझ्या हातातली बादली सुटते. म्हणून सगळ्यांच्या आधी कामावर येते आणि सगळ्यांच्या नंतर निघते.

आणि बाबा गेले तेव्हा मी आले होते. सुट्टी मिळाली होती. दुपारी पोचले. खाली चपलांची गर्दी होती, वरून कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता. मी मनाशी म्हणत होते, आता कसली भीती, माणूस गेला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून किल्ल्या वाजल्या. बाबांच्या. हुबेहूब.

पाय वळले. मी वळवले नाहीत. थेट स्टेशनवर गेल्यावर मला कळलं की मी निघाले आहे. नंतर तुला फोन करून सुट्टीचं सांगितलं. तू म्हणालास, "जनावरांसाठी वेळ आहे, बापासाठी नाही." तिथून आपलं बंद झालं.

तो वकील होता, हे मला वहिनीचा निरोप आला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मला भास झाला. घरात गर्दी होती आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणून तो माणसं बोलवत होता. आणि मी पळाले. एका पोपटाने मला घराबाहेर ठेवलं, असं म्हणून हसता येईल. जमलं तर हस.

यायचं म्हणते आहे. नक्की सांगत नाही. सारसाला पांढऱ्या बुटांची सवय लावताना मी त्याला कधी ओढत नेलं नाही. मलाही थोडा वेळ दे.

बारकी


२१ सप्टेंबर

दादा,

रजा मंजूर झाली. लांबची. साहेब म्हणाले, "मोजेबाई, तुम्हाला घर आहे हे आजच कळलं." मी म्हटलं, "मलाही."

गेला आठवडाभर रोज मोज्यातून एक किल्ली बाहेर काढते, ती वाजवते आणि मग घुबडिणीपाशी जाऊन बसते. तिला तुकडा, मला ती. काल पूर्ण जुडगा उघडा घेऊन बदकांच्या तळ्यापर्यंत गेले. बादली सुटली नाही. पाणी थोडं सांडलं.

खोली नको म्हणून कळव. आजच कळव, उद्यावर टाकू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. वहिनीला म्हणावं, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. वकिलाला म्हणावं, येते आहे, बघून घेते तुझ्याकडे.

रविवारी दुपारी पोचेन. बेल वाजवणार नाही. खालच्या पायरीवर मोजा काढीन आणि माझा जुडगा हलवत जिना चढेन, वर आईला नीट ऐकू जाईल असा. तू पुढे होऊन दार उघडू नकोस. लागलाच तर पेपर हातात घे, पण आईच्या शेजारी बसून राहा. मी आत आले की माझे हात कापत असतील. ते मी करत नसेन, त्यामुळे त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

आणि आईला आधी काही समजावत बसू नकोस, ती घोटाळेल. क्रम तेवढा सांभाळ, या वेळी मी 'आणि' लिहीत नाही. आधी किल्ल्या वाजतील. मग मी येईन.

बारकी